शेवटचा अर्धा मिलिमीटर

2 जुलै 1860 रोजी लंडनजवळच्या विम्बल्डनच्या माळावर राणी व्हिक्टोरियाने एक गोळी झाडली. ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या पहिल्या स्पर्धेचे ते उद्घाटन होते. जोसेफ व्हिटवर्थ या नामांकित अभियंत्याने आपली रायफल एका भक्कम बैठकीत आवळून बसवली होती, नेम आधीच साधून ठेवला होता आणि चापाला रेशमी दोरी बांधली होती. राणीने दोरी ओढली. 400 यार्डांवरच्या लक्ष्यावर गोळी केंद्रापासून जेमतेम सव्वा इंचावर लागली.

या प्रसंगाचा उल्लेख बहुतेक वेळा व्हिटवर्थच्या नळीचे कौतुक करण्यासाठी होतो, आणि ती नळी कौतुकाच्या लायकीची होतीच. पण माझे लक्ष त्या दोरीकडे जाते. दोरी कुणीही ओढली असती, हळू किंवा हिसका देऊन, तरी गोळी तिथेच लागली असती, कारण रायफल हलायला जागाच नव्हती. ती बैठक काढून घ्या आणि तीच रायफल माणसाच्या खांद्याला द्या; मग चाप कसा ओढला जातो यावर जवळजवळ सगळे येऊन ठेपते. नेमबाजाला रायफल अगदी स्थिर धरायची असते, आणि तसे करत असतानाच त्याच हाताच्या एका बोटाने तिच्यावर जोर लावायचा असतो. या विसंगतीतून सुटण्याचा मार्ग शोधण्यात बंदूक बनवणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या खर्ची पडल्या आहेत.

हिशेब करून पाहू. रायफलचा दस्ता खांद्यात रुतलेला आहे आणि तिथपासून नळीचे तोंड सुमारे एक मीटरवर आहे असे धरा. चाप सुटण्याच्या क्षणी तोंड एक दशांश मिलिमीटर बाजूला सरकले, तर 50 मीटरवर गोळी 5 मिलिमीटर सरकते. ऑलिंपिकच्या 50 मीटर रायफल प्रकारात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास 10.4 मिलिमीटर असतो, म्हणजे केंद्रापासून कडेपर्यंत 5.2. केसाच्या जाडीएवढ्या त्या हालचालीने अचूक केंद्रावर लागणारी गोळी दहाच्या रेषेपाशी जाऊन पडते.

चाप ओढल्यावर आत नेमके काय होते? घोडा किंवा त्याच्या जागी असलेली कळ मागे ओढून धरलेली असते आणि तिच्यामागे जोरदार स्प्रिंग दाबलेली असते. घोड्याच्या खालच्या अंगाला एक बारीक खाच असते. त्या खाचेत अडणीचे, म्हणजे सिअरचे, टोक अडकलेले असते. चाप ओढला की सिअर खाचेतून सरकत बाहेर येतो, त्याचा शेवटचा काठ सुटतो आणि घोडा पुढे झेपावतो. चांगल्या रायफलमध्ये खाच आणि सिअर एकमेकांना धरून असतात ते साधारण अर्ध्या मिलिमीटरवर, कधी त्याहूनही कमी. काडतूस भरलेली रायफल त्या अर्ध्या मिलिमीटरच्या भरवशावर हातात असते. चाप सुधारायचा म्हणजे याच जागेशी खेळायचे असते, म्हणून या कामात हौस आणि धोका शेजारी शेजारी नांदतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या सिंगल शॉट रायफली, म्हणजे शार्प्स, रेमिंग्टनची रोलिंग ब्लॉक, मार्टिनी, जॉन ब्राउनिंगच्या आराखड्यावर विंचेस्टरने काढलेले 1885चे मॉडेल, या आज संग्राहकांच्या आणि हौशी नेमबाजांच्या लाडक्या आहेत. एका वेळी एकच काडतूस भरायचे, झाडायचे, रिकामे टरफल काढायचे, पुन्हा भरायचे. मॅगझिन नसल्यामुळे यंत्रणा आटोपशीर आणि मजबूत. पण त्यांतल्या बऱ्याच रायफलींचा चाप मात्र नव्या नेमबाजाला वैताग आणतो. ओढताना तो जड लागतो, मध्येच अडकतो, थोडा पुढे येतो, पुन्हा अडकतो आणि मग नको तेव्हा सुटतो. पावसाळ्यात फुगलेला दरवाजा जोर लावूनही हलत नाही आणि एकदम उघडून माणसाला तोंडावर पाडतो, तसाच हा प्रकार.

याचे कारण घर्षणाच्या स्वभावात आहे. थांबलेल्या वस्तूला हलवायला जितका जोर लागतो, त्यापेक्षा ती हलू लागल्यावर कमी पुरतो. खाचेचा पृष्ठभाग खडबडीत असेल, त्यावर कानशीच्या रेघा असतील, जुने तेल वाळून चिकट झाले असेल, तर सिअर सरळ सरकत नाही. थांबतो, उडी मारतो, पुन्हा थांबतो. प्रत्येक थांब्यावर बोटाचा जोर वाढत जातो आणि उडीच्या क्षणी तो वाढलेला जोर एकदम मोकळा होतो. बोटाला तोलून धरणारे मनगट आणि पंजा तेवढ्याच जोराने उलट दिशेला ताणलेले असतात. समोरचा अडथळा अचानक नाहीसा झाला की तो ताण रायफलला ढकलतो. चाप सुटल्यावर बोट पुढे कुठेतरी धडकते, त्याचाही धक्का बसतो. गोळी मात्र अजून नळीतच असते. घोडा पडायला काही सहस्रांश सेकंद, गोळीला नळी ओलांडायला आणखी दोन-तीन. जुन्या लांब टप्प्याच्या, जड घोड्यांना नव्या यंत्रणांपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागे. ही चूक डोळ्याला दिसून हाताने दुरुस्त करायला माणसाला किमान दीड-दोन दशांश सेकंद हवेत. तेवढ्यात गोळी लक्ष्यात शिरलेलीही असते.

म्हणून चाप सुधारणे म्हणजे तो हलका करणे, ही समजूत अर्धवट आहे. हलकेपणाला महत्त्व आहे, नाही असे नाही. पाच किलोच्या रायफलवर दीड किलोचा जोर लावणे आणि शंभर ग्रॅमचा लावणे यांत फरक पडणारच. पण दीड किलोचा चाप दर वेळी एकाच जागी, एकाच जोराला, काच तडकल्यासारखा स्वच्छ सुटत असेल, तर त्यावर उत्तम नेमबाजी होते. उलट चारशे ग्रॅमचा चाप कधी अलीकडे, कधी पलीकडे सुटत असेल, तर बोटाला त्याचा भरवसा वाटत नाही. बोट घाबरते, आणि घाबरलेले बोट हिसका देते.

हे जुन्या स्पर्धा भरवणाऱ्यांनाही कळलेले होते. सप्टेंबर 1874 मध्ये न्यूयॉर्कजवळ क्रीडमोर इथे आयर्लंड आणि अमेरिका यांच्यात 800, 900 आणि 1000 यार्डांची प्रसिद्ध लढत झाली. आयरिश संघाकडे रिग्बीच्या ठासणीच्या रायफली होत्या, अमेरिकनांकडे मागून भरायच्या रेमिंग्टन आणि शार्प्स. अमेरिका 934 विरुद्ध 931 अशी जिंकली. एका आयरिश नेमबाजाची गोळी शेजारच्या लक्ष्याच्या ऐन मध्यावर लागली आणि तिचे गुण मिळालेच नाहीत, ही त्या तीन गुणांमागची हळहळ. त्या काळच्या नियमांनुसार रायफल 10 पौंडांपेक्षा जड नको आणि चाप 3 पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे 1,360 ग्रॅमपेक्षा, हलका नको. तरीही हजार यार्डांवर त्या मंडळींनी जे गुण मिळवले ते पाहता जड चाप हा अडथळा वाटत नाही.

जर्मन भाषक मुलुखात मात्र चापाचे वजन जवळजवळ शून्यावर आणण्याची परंपरा जुनी आहे. तिथल्या नेमबाज मंडळांत आधी आडव्या धनुष्यांवर आणि मग रायफलींवर दुहेरी चाप बसवले जात. संपूर्ण चापविद्येतली मला सर्वांत हुशार वाटणारी युक्ती तीच. अडचण अशी असते की खाच भक्कम धरली तर चाप जड होतो, आणि चाप हलका केला तर खाच कमकुवत होते. एकाच सांध्याकडून सुरक्षितता आणि नाजूकपणा दोन्ही मागितले, तर कुठेतरी तडजोड करावीच लागते. दुहेरी चापात ही दोन कामे वेगळी केली आहेत. घोड्याची खाच भक्कम, खोल, जड ठेवायची. मागचा चाप ओढला की आत एक छोटी स्वतंत्र स्प्रिंग ताणली जाते. ती अडकवून ठेवणाऱ्या अडणीवर भार अगदी थोडा, म्हणून तिला नाजूक ठेवता येते. मग पुढच्या चापाला नुसता स्पर्श झाला की ती छोटी स्प्रिंग सुटते आणि तिच्या टोकाशी असलेली तरफ घोड्याच्या जड सिअरवर हातोडीसारखी आपटते. बोटाने फक्त इशारा करायचा असतो, जोर लावण्याचे काम आतली तरफ करते. जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या स्थलांतरितांनी ही हौस बरोबर नेली. विंचेस्टर, बॅलार्ड, स्टीव्हन्स यांच्या उभ्याने नेम धरायच्या सिंगल शॉट रायफलींवर दुहेरी चाप दिसतो तो त्यामुळे.

या युक्तीची किंमतही आहे. तरफेचा आघात व्हायला थोडा वेळ लागतो, आणि चाप एकदा ताणला की हातातल्या रायफलला वाऱ्याची झुळूकही जास्त वाटते. म्हणून विसाव्या शतकात जर्मन कारखानदारांनी दुसरी वाट घेतली. उल्म शहरातल्या आनशुट्झ आणि वाल्थर या कंपन्यांच्या स्पर्धेच्या रायफलींमध्ये चाप दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात बोट चापाचा ढिला प्रवास संपवते आणि एका स्पष्ट भिंतीला टेकते. तिथे नेमबाज थांबतो, श्वास सोडतो, लक्ष्याकडे पाहतो. मग दुसऱ्या टप्प्यात जरासा जास्त दाब, आणि सुटका. पहिला टप्पा किती लांब, भिंत किती जड, सुटल्यावर बोट कुठे थांबावे, पात्याचा कोन कोणता, या प्रत्येक गोष्टीला वेगळा स्क्रू असतो. 10 मीटर एअर रायफल आणि 50 मीटर रायफल या प्रकारांत आंतरराष्ट्रीय नियमांनी चापाच्या वजनाची खालची मर्यादा ठेवलेली नाही. 300 मीटर स्टँडर्ड रायफलला मात्र किमान 1500 ग्रॅम लागतात आणि 10 मीटर एअर पिस्तुलाला 500. पिस्तुलाची तपासणी करायची पद्धत जुनी आणि साधी आहे: नळी उभी धरायची, चापाला ठरावीक वजन अडकवायचे आणि ते जमिनीवरून उचलले जाते का ते पाहायचे. चाप आधीच सुटला, तर हत्यार बाद.

जगातला उत्तमातला उत्तम चापही शेवटी बोटाचेच ऐकतो. 2008च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्स, म्हणजे तीन स्थितींतल्या नेमबाजीच्या, अंतिम फेरीत अमेरिकेचा मॅट एमन्स शेवटच्या गोळीआधी 3.3 गुणांनी पुढे होता. सुवर्णपदकासाठी त्याला 6.7 गुण पुरले असते. त्याच्या तोडीच्या नेमबाजाला ते अशक्य नव्हते. त्याची सवय अशी की रायफल लक्ष्याच्या वरून हळूहळू मध्यावर उतरवायची आणि तोपर्यंत बोट चापाला लागू द्यायचे नाही. त्या वेळी बोट ठरवल्याच्या आधी चापाला जाऊन भिडले. रायफल अजून वरच होती. 4.4 गुण. तो चौथा आला, चीनचा चिउ जियान पहिला. चार वर्षांपूर्वी अथेन्समध्ये याच प्रकारात, याच शेवटच्या गोळीला, एमन्सने शेजारच्या लक्ष्यावर गोळी मारली होती. तिथे चापाचा काही दोष नव्हता. बीजिंगमध्येही चापाने दोष केला असे म्हणता येत नाही. त्याला जे सांगितले गेले ते त्याने केले. पण इतक्या हलक्या चापावर मन विचलित व्हायला जागा उरत नाही, हे मात्र त्या एका गोळीने जगाला दाखवले. 2012 मध्ये लंडनला एमन्सने त्याच प्रकारात कांस्यपदक घेतले.

आपल्याकडे हा प्रकार घरोघरी पोहोचला तो 1 ऑगस्ट 2024 रोजी. कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासणीस असलेला स्वप्निल कुसाळे याने पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले. या प्रकारात भारताचे ते पहिलेच ऑलिंपिक पदक. त्याच्याआधी 2010 मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने म्युनिकमध्ये 50 मीटर प्रोनचे, म्हणजे पालथे झोपून करायच्या नेमबाजीचे, जागतिक विजेतेपद पटकावले होते. या स्पर्धांतल्या रायफली सिंगल शॉटच असतात. दर गोळीला बोल्ट उघडायचा, काडतूस हाताने ठेवायचे, बंद करायचा. स्वप्निलच्या अंतिम फेरीतले आकडे पाहण्यासारखे आहेत: गुडघ्यावर 153.3, पालथे झोपून 156.8, उभ्याने 141.3. पहिल्या दोन स्थितींत 15 गोळ्या आणि उभ्याने 14, त्यामुळे बेरजांची थेट तुलना नको. पण सरासरी काढली तरी उभ्याने सर्वांत कमी येते. उभे राहिल्यावर नळी कधीच थांबत नाही. ती केंद्राभोवती फिरत राहते, आणि त्या फिरण्यातल्या योग्य क्षणी, पण हिसका न देता, चाप सुटावा लागतो. चापाची खरी परीक्षा उभ्यानेच होते.

जुन्या सिंगल शॉट रायफलीचा चाप सुधारायला कारागीर बसतो, तेव्हा जाणता कारागीर कानस हातात घेण्याच्या आधी बरेच काही करतो. चाप किती जोराला सुटतो ते स्प्रिंगच्या काट्याने अनेकदा मोजतो, कारण आकड्यापेक्षा आकड्यांमधली तफावत जास्त बोलते. मग यंत्रणा उघडून साफ करतो. शंभर वर्षांचे वाळलेले तेल, लाकडाचा भुसा, गंज. दस्त्याचे स्क्रू जास्त आवळले असतील, तर लाकूड आतल्या भागांना चिमटत असते, ते सैल केले तरी चाप बदलतो. पिना झिजल्या असतील, तर सिअर डगमगतो आणि दर वेळी वेगळ्या जागी बसतो. एवढ्यावरच अर्ध्याअधिक तक्रारी मिटतात.

त्यानंतर खाच आणि सिअर यांचे तोंड. इथे दोन गोष्टी कळाव्या लागतात, आणि त्या न कळताच हात घालणाऱ्यांनी कितीतरी चांगल्या रायफली बिघडवल्या आहेत. पहिली गोष्ट कोनाची. खाचेचे तोंड सिअरच्या आसाभोवती काढलेल्या वर्तुळाच्या रेषेत असेल, तर सिअर सरकताना घोडा ना मागे जातो ना पुढे. तोंड थोडे आत वळलेले असेल, तर सिअर सुटताना घोडा किंचित मागे ढकलावा लागतो. चाप जड होतो, पण स्प्रिंगच सिअरला खाचेत ओढून धरते. ते सुरक्षित. तोंड बाहेर झुकले, तर स्प्रिंग सिअरला बाहेर ढकलू लागते. चाप झकास हलका वाटतो आणि रायफल आपटली की आपणहून सुटते. दोन्हींमधला फरक उघड्या डोळ्यांना दिसत नाही, भिंगाखालीही कोनमापकाशिवाय कळत नाही.

दुसरी गोष्ट पोलादाची. त्या काळी बरेचसे भाग मऊ लोखंडाचे करून हाडांच्या कोळशात तापवून वरून कडक करत. कडक कातडी असे काही दशांश मिलिमीटरची. चांगला कारागीर बारीक दगडाने फक्त उंचवटे पुसतो, तोंड आरशासारखे करतो, कोन जसाच्या तसा आणि काठ धारदार ठेवतो. जास्त घासले, तर कातडी संपते आणि खाली मऊ लोखंड लागते. पहिले काही दिवस चाप लोण्यासारखा चालतो, मग काठ दबत जातो, पकड कमी होत जाते. ही रायफल मालकाला कसलीही पूर्वसूचना न देता धोकादायक होते.

स्प्रिंगबद्दलही थोडे. घोड्याची स्प्रिंग मऊ केली, तर खाचेवरचा दाब कमी होऊन चाप आपोआप हलका होतो, हा मोह मोठा. पण मऊ स्प्रिंगने घोडा सावकाश पडतो, काडतुसाच्या टोपीवर ठोका हलका बसतो आणि गोळी कधी उडते, कधी नाही. त्यापेक्षा चाप सुटल्यानंतरचा प्रवास थांबवणारा छोटा स्क्रू बसवणे कितीतरी फायद्याचे. वजन एक ग्रॅमही न घटवता नेमबाजाला वाटते की चाप नवा आला.

काम झाले की परीक्षा, आणि ती रिकाम्या रायफलीवर. घोडा चढवून दस्ता रबरी हातोडीने वेगवेगळ्या बाजूंनी ठोकायचा. यंत्रणा जोरात आपटून बंद करायची. सुरक्षेची कळ असल्यास ती लावून चाप ओढायचा आणि मग कळ काढायची. यापैकी कशानेही घोडा पडला, तर काम फसले, चाप हाताला कितीही छान लागत असला तरी.

भारतात हे काम घरच्या टेबलावर करायचे नाही. 1959च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमाखाली शस्त्रांच्या दुरुस्तीचा धंदा करायलाही परवाना लागतो, आणि असे परवानाधारक कारागीर असतात. स्पर्धेच्या नेमबाजाला कारखान्याने दिलेले स्क्रू फिरवणे बहुतेक वेळा पुरते. पण जुन्या यंत्रणांतला खाचेची पकड ठरवणारा स्क्रू काही कारखाने बसवल्यावर लाखेने बंद करून टाकत. वापरलेली रायफल घेताना ती लाख फुटलेली दिसली, तर जाणकार गिऱ्हाईक किंमत विचारण्याआधी यंत्रणा उघडून दाखवायला सांगते.